वाणीचे इमान

छापलेली बातमी पुन्हा वाचता येते. एखाद्या वाक्याविषयी शंका आली, तर वाचक क्षणभर थांबतो, मागची ओळ पाहतो, हवे तर दुसरे वृत्तपत्र उघडून ताळा पाहतो. नभोवाणीवरून येणाऱ्या शब्दाचे तसे नाही. तो कानावर पडतो आणि त्याच क्षणी हवेत विरून जातो. बोलणारा शेकडो कोस दूर असतो. तो जे सांगतो आहे ते त्याने खरोखरच पाहिले आहे काय, हे ऐकणाऱ्याला तपासून पाहता येत नाही; त्याने केवळ विश्वास ठेवावयाचा असतो. म्हणून नभोवाणीच्या, आणि पुढे दूरचित्रवाणीच्या, वार्ताहरावर एक विशेष जबाबदारी येऊन पडते. त्याचा आवाज गोड असून भागत नाही. त्याच्या वाणीला इमान असावे लागते. विसाव्या शतकात ही जबाबदारी ज्यांनी ओळखली आणि आयुष्यभर वाहिली, त्यांमध्ये एडवर्ड मर्रो या अमेरिकन वार्ताहराचे नाव अग्रभागी आहे.

एडवर्डचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात, ग्रीन्सबरो शहराजवळच्या पोलकॅट क्रीक या खेडवळ भागात झाला. आईवडिलांनी त्याचे नाव एग्बर्ट असे ठेवले होते; एडवर्ड हे नाव त्याने पुढे महाविद्यालयात असताना घेतले. तिघा भावांत तो धाकटा. घर लाकडी ओंडक्यांचे होते. घरात वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. वडील शेती करीत. परंतु तीत पोटापुरतेही धड पिकत नसे.

मर्रो कुटुंब क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, शांततेवर श्रद्धा आणि सत्य भाषण हे या पंथाचे विशेष होत. जुन्या काळापासून क्वेकर लोक न्यायालयात शपथ घेण्यास नकार देत आले. शपथ घेऊन खरे बोलावयाचे, तर शपथेवाचून बोललेले खोटे धरावयाचे काय, असा त्यांचा प्रश्न असे. माणसाचे रोजचे बोलणे हेच शपथेइतके खरे असले पाहिजे, ही त्यांची धारणा. अशा घरात वाढलेल्या मुलाने पुढे बोलण्याचाच व्यवसाय पत्करला, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

एडवर्ड पाच-सहा वर्षांचा असताना हे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात ब्लँचर्ड या गावी जाऊन राहिले. तेथे घनदाट अरण्ये होती व इमारती लाकडाचा मोठा व्यापार चाले. वडिलांना लाकूड वाहून नेणाऱ्या आगगाडीवर नोकरी मिळाली. एडवर्डही मोठा होताच सुट्टीत लाकूडतोड्यांच्या तळावर कामाला जाऊ लागला. शाळा संपल्यावर महाविद्यालयाच्या खर्चाची तरतूद करण्यासाठी त्याने वर्षभर हेच काम केले. कष्टकरी माणसांची रोखठोक भाषा त्याच्या कानांवर येथे पडली, आणि ती त्याला जन्मभर पुरली.

१९२६ मध्ये तो पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात दाखल झाला. त्या महाविद्यालयात आयडा लू ॲन्डरसन नावाच्या शिक्षिका वक्तृत्व शिकवीत असत. बालपणी झालेल्या पोलिओच्या आजाराने त्यांचे शरीर वाकलेले होते; पण त्यांच्या वाणीत विलक्षण सामर्थ्य होते. शब्दाचा उच्चार करण्यापूर्वी त्याचा अर्थ मनात उतरला पाहिजे, ही त्यांची शिकवण. एडवर्डमधील गुण त्यांनी हेरले व त्याला कसून शिकविले. पुढे तो जगप्रसिद्ध झाला तेव्हा दूर अमेरिकेत बसून त्या त्याचे प्रत्येक निवेदन लक्षपूर्वक ऐकत आणि त्याला सूचना पाठवीत. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्यावर सर्वांत मोठे ऋण या शिक्षिकेचे आहे, असे मर्रो मानीत असे.

१९३० मध्ये पदवी घेतल्यावर एडवर्डने काही काळ विद्यार्थी संघटनेचे काम केले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमधील आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्थेत त्याला जागा मिळाली. पुढच्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू असल्याबद्दल किंवा स्वतंत्र विचार केल्याबद्दल कित्येक नामवंत प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलून देण्यात आले. अशा विद्वानांना अमेरिकेत आश्रय व काम मिळवून देण्यासाठी एक समिती स्थापन झाली. तिच्या कामाचा भार तरुण मर्रोने उचलला. या काळात त्याने देशोधडीला लागलेली माणसे पाहिली, त्यांची पत्रे वाचली. ज्या देशात सत्य बोलणाऱ्याचे तोंड प्रथम बंद केले जाते, त्या देशात पुढे काय घडते, याची जाणीव त्याला इतरांच्या आधी झाली.

१९३५ मध्ये तो कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या नभोवाणी कंपनीत दाखल झाला, आणि १९३७ मध्ये कंपनीने त्याला युरोपातील प्रतिनिधी म्हणून लंडनला पाठविले. तो बातम्या देण्यासाठी गेला नव्हता. पुढाऱ्यांची भाषणे, मुलांची गाणी, समारंभ यांचे प्रक्षेपण जुळवून आणणे एवढेच त्याचे काम होते. मदतीला त्याने विल्यम शायरर या वार्ताहराची निवड केली. हा शायरर १९३० नंतर काही काळ हिंदुस्थानात होता व महात्मा गांधींच्या चळवळीच्या बातम्या त्याने अमेरिकन वृत्तपत्राला पाठविल्या होत्या. शायररचा आवाज नभोवाणीला शोभणारा नाही, अशी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तक्रार केली. मर्रोने ती मानली नाही. सुरेल आवाजाची माणसे पुष्कळ मिळतील, परंतु घडत्या घटनांचा अर्थ जाणणारी माणसे थोडी, असे त्याचे मत होते. पुढेही आपले सहकारी निवडताना त्याने हीच कसोटी लावली.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्या दिवशी मर्रो पोलंडमध्ये मुलांच्या एका कार्यक्रमाची जुळवाजुळव करीत होता, आणि शायरर ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात होता. शायररने सर्व काही डोळ्यांनी पाहिले. पण तेथील नभोवाणी केंद्र नाझींच्या ताब्यात गेले होते. त्याला बोलू देण्यात आले नाही. तेव्हा मर्रोने त्याला विमानाने लंडनला जाऊन बोलावयास सांगितले, आणि स्वतः व्हिएन्नाची वाट धरली. उतारूंची नेहमीची विमाने मिळेनात, म्हणून त्याने सत्तावीस आसनांचे एक अख्खे विमान भाड्याने घेतले व त्यातून एकटाच प्रवास करून तो व्हिएन्नात उतरला.

१३ मार्च १९३८ रोजी अमेरिकेतील श्रोत्यांनी एक नवलच अनुभवले. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजले होते. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून एक वाजला होता. अर्ध्या तासाच्या एकाच कार्यक्रमात लंडन, पॅरिस, बर्लिन आणि व्हिएन्ना येथून एकामागून एक निवेदने ऐकू आली. त्या काळी ही कंपनी बातम्यांत ध्वनिमुद्रण वापरू देत नसे. प्रत्येकाला आपापल्या शहरातून ठरलेल्या क्षणी प्रत्यक्ष बोलावे लागे. ही सारी जुळणी काही तासांत करण्यात आली होती. व्हिएन्नातून बोलताना मर्रोने आकांडतांडव केले नाही. रस्त्यांवर काय दिसते आहे, लोक हात कसे उंचावीत आहेत, एवढेच त्याने सांगितले. नभोवाणीच्या वृत्तनिवेदनाचा एक नवा प्रकार त्या रात्री जन्माला आला.

दुसऱ्या महायुद्धास १९३९ मध्ये तोंड लागले. ७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी लंडनवर बाँबवर्षाव सुरू केला. लागोपाठ सत्तावन्न रात्री हा भडिमार चालला, आणि पुढे मे १९४१ पर्यंत तो अधूनमधून होत राहिला. त्या काळात ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक प्राणांस मुकले. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती. हे भांडण युरोपचे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे म्हणणारे पुष्कळ लोक तेथे होते. अशा वेळी अमेरिकेतील घराघरांत रात्री एक गंभीर, संथ आवाज ऐकू येई : “हे... लंडन आहे.” पहिल्या शब्दानंतर किंचित थांबावे, ही सूचना आयडा ॲन्डरसन यांची होती. त्या क्षणभराच्या विरामात श्रोत्यांचे सारे लक्ष एकवटत असे.

बाँबवर्षाव चालू असताना घराच्या गच्चीवर उभे राहून, समोर दिसते ते सांगावे, अशी मर्रोची इच्छा होती. परंतु युद्धकाळात प्रत्येक निवेदन आधी लिहून अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावे लागे. समोर पाहून आयत्या वेळी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून शत्रूच्या उपयोगाची माहिती निसटली तर काय, ही सरकारची भीती रास्त होती. मर्रोने तिचा अनादर केला नाही. काही रात्री त्याने गच्चीवरून नमुन्यादाखल निवेदने केली व त्यांच्या तबकड्या अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या. हा माणूस जिभेवर ताबा ठेवू शकतो, अशी खात्री पटल्यावर त्याला परवानगी मिळाली.

मर्रोच्या निवेदनांत शौर्याच्या मोठमोठ्या गोष्टी नसत. ऑगस्ट १९४० मध्ये, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत असताना, तो ट्रॅफल्गर चौकात उभा होता. लोक आश्रयस्थानाकडे चालले होते. त्याने मायक्रोफोन फरसबंदीजवळ खाली धरला. अंधारात चालणाऱ्या माणसांच्या बुटांचा आवाज समुद्रापलीकडे ऐकू गेला. त्या पावलांत धावपळ नव्हती. लंडनकर घाबरून पळत नव्हते, चालत होते. धैर्यावरील दहा भाषणांनी जे साधले नसते, ते त्या पावलांच्या आवाजाने साधले. मालमोटार हाकणाऱ्याला समजेल आणि प्राध्यापकालाही हलके वाटणार नाही, असे बोलावे, हा धडा तो आपल्या सहकाऱ्यांना देत असे. निवेदनाच्या शेवटी तो शुभरात्री म्हणे व श्रोत्यांना सुदैव चिंती. त्या दिवसांत लंडनचे लोक रात्री एकमेकांचा निरोप याच शब्दांनी घेत, कारण सकाळी पुन्हा भेट होईल की नाही याची शाश्वती नसे. मर्रोने तो निरोप जन्मभर जपला.

१९४१ च्या अखेरीस मर्रो अमेरिकेत आला तेव्हा २ डिसेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा मोठा सत्कार झाला. कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांनी त्या प्रसंगी अशा आशयाचे उद्गार काढले की, या माणसाने लंडनची आग आमच्या घरांत आणली आणि तिची धग आम्हाला लागली. पाचच दिवसांनी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्या रात्री मर्रो व त्याची पत्नी जॅनेट यांना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे भोजनाचे निमंत्रण होते. मध्यरात्रीनंतर राष्ट्राध्यक्षांनी मर्रोला आत बोलाविले आणि किती जहाजे बुडाली, किती विमाने जमिनीवरच जळाली, हे मन मोकळे करून सांगितले. त्या घटकेला एवढी मोठी बातमी क्वचितच दुसऱ्या कोणा वार्ताहरापाशी असेल. ती प्रसिद्ध करू नये, असे राष्ट्राध्यक्ष बोलले नव्हते. करावी, असेही बोलले नव्हते. मर्रो त्या रात्री बराच वेळ अस्वस्थपणे येरझारा घालीत राहिला. शेवटी, विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपण चव्हाट्यावर मांडू नये, असे ठरवून तो गप्प राहिला. हा निर्णय योग्य होता की नाही, याचा विचार त्याच्या मनात पुढेही चालू राहिला. कोठे बोलावे आणि कोठे मौन पाळावे, हा वार्ताहराच्या धर्मातील सर्वांत कठीण प्रश्न होय.

युद्धकाळात मर्रोने बाँबफेकी विमानांतून अनेकदा उड्डाण केले. वरिष्ठांना ते पसंत नव्हते. पण ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांचे संकट आपण वाटून घेतले पाहिजे, असे त्याला वाटे. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री तो एका ब्रिटिश विमानातून बर्लिनवरील हल्ल्यास गेला. आणखी तीन वार्ताहर निरनिराळ्या विमानांतून त्याच हल्ल्यास गेले होते. मर्रो परत आला. त्या तिघांपैकी कोणीही परतला नाही. दोघांना मृत्यू आला आणि एक शत्रूच्या हाती सापडला. दुसऱ्या दिवशी मर्रोने त्या रात्रीची हकिकत सांगितली. तीत विजयाचा उन्माद नव्हता. आकाशात माणसे मरत होती आणि त्याच वेळी खाली तळघरांत माणसेच होरपळत होती, हेही त्याने सांगितले. शत्रूच्या नगरातही माणसेच राहतात, याचा विसर त्याने आपल्या श्रोत्यांना पडू दिला नाही.

याहून कठीण प्रसंग पुढे यावयाचा होता. १२ एप्रिल १९४५ रोजी तो जर्मनीतील बुखेनवाल्ड येथील छळछावणीत गेला. आदल्याच दिवशी ती मुक्त झाली होती. पूर्वी जेथे ऐंशी घोडे बांधीत, अशा एका तबेल्यात बाराशे माणसे कोंबलेली त्याने पाहिली. तेथील कैदी डॉक्टरने त्याला एक वही दाखविली. त्या बाराशेंपैकी दोनशे बेचाळीस जण एका महिन्यात मरण पावल्याची नोंद तीत होती. दंडावर आकडे गोंदलेली लहान मुले त्याने पाहिली. हे सारे सांगण्यास त्याला तीन दिवस लागले. १५ एप्रिल रोजी तो बोलला, तेव्हा त्याने मोजकेच शब्द वापरले. जे मोजता आले ते मोजून सांगितले. आपण सांगतो त्यावर विश्वास ठेवावा, अशी त्याने श्रोत्यांना विनवणी केली. आपण पाहिले त्यातील थोडाच भाग सांगितला आहे, उरलेल्यासाठी आपल्यापाशी शब्द नाहीत, हेही त्याने कबूल केले. ज्याने इतकी वर्षे एकही गोष्ट फुगवून सांगितली नव्हती, त्याच्या या शब्दांवर लोकांनी विश्वास ठेवला. जपून ठेवलेल्या इमानाचे मोल अशा वेळी कळते.

युद्ध संपल्यावर दूरचित्रवाणीचे युग आले. मर्रो प्रथम या नव्या साधनाविषयी साशंक होता. चित्राच्या मोहात विचार हरवेल, अशी भीती त्याला वाटे. तरीही फ्रेड फ्रेंडली या सहकाऱ्याबरोबर त्याने ‘सी इट नाऊ’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी त्याच्या पहिल्याच भागात अटलांटिक किनाऱ्यावरील न्यूयॉर्कचा पूल आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोचा पूल शेजारी शेजारी, त्याच क्षणी दिसत होते. एवढा विस्तीर्ण देश लोकांनी प्रथमच एका दृष्टिक्षेपात पाहिला.

त्या काळी अमेरिकेवर भीतीचे सावट पसरले होते. साम्यवादी रशियाशी वैर वाढले होते. जोसेफ मॅकार्थी या सिनेटरने फेब्रुवारी १९५० मध्ये, परराष्ट्र खात्यात साम्यवादी लोक शिरले आहेत व त्यांची यादी आपल्या हाती आहे, असा गाजावाजा केला. पुढे चार वर्षे त्याने अनेकांवर आरोप केले. पुरावा मागण्याचे धाडस फारसे कोणी करीना, कारण विचारणाऱ्यावरच संशयाचे बोट रोखले जाई. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. मित्र मित्राला टाळू लागले.

अशा वेळी मायलो रादुलोविच या हवाई दलातील राखीव अधिकाऱ्याची हकिकत मर्रोच्या कानी आली. त्याच्यावर स्वतःवर कसलाही आरोप नव्हता. त्याचे वडील व बहीण यांची मते संशयास्पद आहेत, एवढ्यासाठी त्याला सेवेतून काढण्यात येत होते. पुरावा म्हणून एक बंद लिफाफा होता. पण तो चौकशीत उघडलाच गेला नाही. २० ऑक्टोबर १९५३ रोजी मर्रोने हे प्रकरण देशासमोर मांडले. कंपनीने त्याची जाहिरात करण्यास नकार दिला, तेव्हा मर्रो व फ्रेंडली यांनी पदरचे दीड हजार डॉलर खर्चून वृत्तपत्रात ती दिली. बापाच्या किंवा बहिणीच्या मताबद्दल मुलाला शिक्षा करावी काय, हा साधा प्रश्न लोकांना भिडला. पाच आठवड्यांनी हवाई दलाच्या सचिवांनी रादुलोविचला सेवेत कायम ठेवल्याचे घोषित केले.

९ मार्च १९५४ रोजी मर्रोने खुद्द मॅकार्थीविषयी कार्यक्रम केला. त्यात त्याने शिव्याशाप दिले नाहीत. मॅकार्थीचीच भाषणे व उलटतपासण्या त्याने पडद्यावर दाखविल्या आणि वस्तुस्थिती काय आहे ते त्यांच्या शेजारी ठेवले. मतभेद म्हणजे देशद्रोह नव्हे, आणि आरोप म्हणजे पुरावा नव्हे, हे त्याने लोकांना बजाविले. घरात स्वातंत्र्याचा त्याग करून परदेशात त्याचे रक्षण करता येणार नाही, असेही तो म्हणाला. उत्तर देण्यासाठी त्याने मॅकार्थीला तेवढाच वेळ देऊ केला. ६ एप्रिल रोजी मॅकार्थीने तो वेळ मर्रोवर आरोप करण्यात घालविला, आणि लोकांना जे पाहावयाचे ते दिसले. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थीच्या वर्तनाचा निषेध केला. हे यश एकट्या मर्रोचे नव्हते. काही वृत्तपत्रकार व पुढारी त्याच्या आधीपासून झगडत होते, आणि त्याने स्वतःही तसा दावा केला नाही. पण भ्यालेल्या लाखो घरांत, भिऊ नका, हे शब्द त्या रात्री त्याच्या तोंडून पोहोचले.

१९५५ मध्ये जोनास सॉल्क यांची पोलिओवरील लस यशस्वी ठरली. मर्रोने त्यांना दूरचित्रवाणीवर विचारले, या लसीची मालकी कोणाची? ती लोकांची आहे, सूर्याची मालकी कोणी सांगू शकेल काय, असे उत्तर सॉल्क यांनी दिले. ज्या रोगाने आयडा ॲन्डरसन यांचे शरीर पिळवटले होते, त्याच रोगावरील विजयाची वार्ता त्यांच्या शिष्याच्या मुखातून लोकांनी ऐकली. ऑक्टोबर १९५८ मध्ये त्याने ‘स्मॉल वर्ल्ड’ हा नवा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या आरंभीच दिल्लीहून पंडित जवाहरलाल नेहरू आणि अन्य देशांतून लेखक ऑल्डस हक्स्ली व अमेरिकन नेते टॉमस ड्यूई यांच्यात त्याने संवाद घडवून आणला.

परंतु दूरचित्रवाणीचा धंदा वाढत होता. करमणुकीला पैसा मिळे. गंभीर कार्यक्रमांना जागा उरेना. ‘सी इट नाऊ’ १९५८ मध्ये बंद पडला. त्या वर्षी १५ ऑक्टोबर रोजी शिकागो येथे आपल्याच व्यवसायातील लोकांसमोर मर्रोने कटू सत्य सांगितले. हे साधन लोकांना शिकवू शकते, स्फूर्ती देऊ शकते. पण माणसांनी तसा निश्चय केला तरच. नाही तर ते केवळ तारा आणि दिवे भरलेले एक खोके आहे, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. २५ नोव्हेंबर १९६० रोजी, अमेरिकेतील घरोघर सुगीचा सण साजरा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, त्याने शेतावर मजुरीसाठी गावोगाव भटकणाऱ्या कुटुंबांची दैना पडद्यावर दाखविली. ज्यांच्या हातांनी ताटात अन्न आले, त्यांच्या घरी काय शिजते, हे लोकांनी पाहिले.

१९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मर्रोला सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख नेमले. येथे त्याच्या हातून एक गोष्ट त्याच्या लौकिकाला न शोभणारी घडली. शेतमजुरांवरील हाच कार्यक्रम ब्रिटनमध्ये दाखविला जाऊ नये, असा प्रयत्न त्याने केला. देशाची अब्रू जाईल, ही त्यामागची चिंता होती. ब्रिटिश नभोवाणीने ती विनंती मानली नाही, आणि बाहेर बोभाटा झाला. या कृत्याचा त्याला पुढे खेद वाटला. सरकारचे आसन आणि वार्ताहराचे आसन ही एक नव्हेत, हे त्याच्यासारख्याच्या उदाहरणावरूनही शिकण्यासारखे आहे.

मर्रोला एक व्यसन होते. पडद्यावर तो सहसा सिगारेटशिवाय दिसत नसे. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर १९५५ मध्ये त्याने स्वतःच कार्यक्रम केले. पण व्यसनाने त्याला सोडले नाही. १९६३ मध्ये त्याच रोगासाठी त्याचे एक फुप्फुस काढावे लागले. जानेवारी १९६४ मध्ये त्याने पदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी त्याला अमेरिकेचे ‘स्वातंत्र्य पदक’ देण्यात आले. सत्तावन्नावा वाढदिवस होऊन दोन दिवस लोटले, आणि २७ एप्रिल १९६५ रोजी त्याने जगाचा निरोप घेतला.

एडवर्ड मर्रोच्या काळानंतर बातमी पोहोचविण्याची साधने कितीतरी पालटली आहेत. आता प्रत्येकाच्या खिशातील यंत्र बोलते आणि दाखवितेही. एका माणसाचे बोलणे क्षणात लक्षावधी लोकांपर्यंत जाते, आणि ते बोलण्यासाठी गच्चीवर जाण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही. तथापि ऐकणाऱ्याची अडचण जुनीच आहे. दूरच्या माणसाने सांगितलेले तपासून पाहणे त्याला आजही अवघड असते. म्हणून पाहिले तेवढेच सांगावे, मोजता येईल ते मोजावे, न कळले तेथे थांबावे, आणि ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे त्यालाही बोलू द्यावे, हे मर्रोने पाळलेले नियम आता केवळ वार्ताहरांपुरते राहिलेले नाहीत. ज्याचा आवाज दुसऱ्याच्या कानी पडतो, त्या प्रत्येकाचे ते कर्तव्य झाले आहे.

स्वाध्याय

१. क्वेकर लोक न्यायालयात शपथ घेण्यास का नकार देत?

२. शायररची निवड करताना मर्रोने कोणत्या गुणाला महत्त्व दिले?

३. ट्रॅफल्गर चौकातील पावलांच्या आवाजाने श्रोत्यांना काय कळले?

४. पर्ल हार्बरची बातमी मर्रोने प्रसिद्ध केली नाही. हा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो काय? दोन्ही बाजू मांडून उत्तर लिहा.

५. बुखेनवाल्डविषयी मर्रोने जे सांगितले त्यावर लोकांनी विश्वास का ठेवला?

६. आपल्या गावात घडलेली एखादी घटना, स्वतः पाहिली तेवढीच, दहा ओळींत लिहा.